अंगण, कुरण आणि शाळा

‘अंगणवाडी’ हा शब्द आज इतका सरकारी झाला आहे, की त्यातले अंगण आता कोणाला दिसत नाही. देशाच्या बहुतेक राज्यांत त्याच्या पाट्या लागल्या आहेत. ज्या भाषांत अंगणाला दुसरेच नाव आहे, त्या भाषांच्या लिपीतही तो जसाच्या तसा लिहिला जातो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा हा शब्द अखिल भारतीय झाला. आज अशा केंद्रांची संख्या तेरा लाखांहून अधिक आहे. परंतु त्याआधी जवळजवळ तीस वर्षे तो त्या काळच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात, समुद्रकाठच्या बोर्डी गावात वापरात होता, आणि तिथे त्याचा अर्थ अगदी सरळ होता. कोणाचे तरी शेणाने सारवलेले अंगण, त्यात गोळा झालेली आसपासच्या घरांची मुले, आणि त्या मुलांमध्ये बसलेली एक बाई. इमारत नव्हती, बाके नव्हती, घंटाही नव्हती.

लहान मुलाला शाळेत न घालता घरी, घराच्या आसपास, चालता-बोलता शिकवावे हा विचार बोर्डीपेक्षा पुष्कळ जुना आहे. किंबहुना शाळा हीच अलीकडची गोष्ट, आणि घर हेच शिक्षणाचे मूळ ठिकाण, असे म्हणता येईल. आपल्या वाङ्मयात त्याचे सर्वांत परिचित चित्र साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये आहे. पाण्याला भिणाऱ्या श्यामला पोहायला पाठवण्यासाठी आई शिंपटी हातात घेते, तो प्रसंग मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. त्या घरात झाडे, विहीर, गुरे, व्रते आणि शेजार हाच अभ्यासक्रम आहे, आणि आई हीच गुरू आहे. मात्र ते घर कोकणातल्या ब्राह्मणाचे आहे. गरिबी आहे, कर्ज आहे, तरी आई घरात आहे. मुलाकडे पाहायला तिच्याजवळ दिवसाचा काही भाग उरतो. घराला शाळा करायची, तर घरी कोणीतरी असावे लागते, ही साधी अट त्या काळच्या शिक्षणचर्चेत फारशी कोणी मांडलेली दिसत नाही.

गांधीजींचे उदाहरण याहून बोचरे आहे. दक्षिण आफ्रिकेत मुलांना गोऱ्यांच्या शाळेत सवलतीने घालणे त्यांना रुचले नाही, आणि त्यांनी घरीच शिकवण्याचे ठरवले. जोहान्सबर्गमध्ये घरापासून कचेरीपर्यंत आणि परत, असे सुमारे पाच मैल ते मुलांना बरोबर घेऊन पायी चालत, आणि चालता चालता बोलण्यातून जे शिकवता येईल ते शिकवत. व्यायाम, सहवास आणि शिक्षण तिन्ही एकदम साधत, ही त्यातली कल्पना. कागदावर हा प्रयोग आजही आकर्षक वाटतो. पण वाटेत कोणी दुसरा बोलायला भेटला, की मुलांचा धडा बुडे. आणि आपण मुलांना पुरेसे अक्षरज्ञान देऊ शकलो नाही, याची कबुली ‘सत्याचे प्रयोग’मध्ये गांधीजींनी स्वतःच दिली आहे. थोरला हरिलाल १९११ साली वडिलांना सोडून हिंदुस्थानात निघून आला, तो रीतसर परीक्षेचा अभ्यास करण्यासाठी. नंतर त्याची जी परवड झाली तिचे सारे खापर त्या पायी शाळेवर फोडणे अन्यायाचे होईल. तरीही घरच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना हरिलालला वगळता येत नाही. बापाच्या तत्त्वाची किंमत मुलाने द्यावी काय, हा त्याचा प्रश्न होता.

भावनगरला गिजुभाई बधेका या प्रश्नाकडे एका वेगळ्या वाटेने आले. १८८५ साली जन्मलेले गिजुभाई पेशाने वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला, आणि याला कसे वाढवावे या घरगुती काळजीपोटी ते बालशिक्षणाची पुस्तके वाचू लागले. त्यात त्यांना मारिया माँटेसरी भेटली. रोममधल्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत माँटेसरीने ६ जानेवारी १९०७ रोजी जे बालगृह उघडले, ते चाळीसारख्या एका इमारतीतच होते, ही गोष्ट आपल्याकडे सहसा लक्षात घेतली जात नाही. आईबाप कामाला गेल्यावर जिन्यांवर हुंदडणारी, भिंती खराब करणारी मुले एका खोलीत गोळा करायची, इतकाच मालकांचा मूळ हेतू. म्हणजे ज्या पद्धतीची महागडी साधने पुढे श्रीमंतांच्या शाळांची शोभा झाली, तिचा जन्म गरिबांच्या घराला लागून झालेला होता.

गिजुभाई १९१६ साली वकिली सोडून नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली तिथे बालमंदिर सुरू झाले. त्यांनी माँटेसरी घेतली, पण जशीच्या तशी नव्हे. बाईंना लहान मुलांसाठी परीकथा मान्य नव्हत्या. गिजुभाईंच्या बालमंदिरात मात्र लोककथा, लोकगीते, नाटक, माती आणि बाग यांना मोठे स्थान मिळाले. कथेवाचून काठेवाडातले मूल वाढते कसे, असा त्यांचा एकूण पवित्रा होता. लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई म्हणत. पुरुषाला मिळालेल्या या पदवीचे कौतुक सगळे करतात. ज्या बायकांनी हेच काम मिशांवाचून केले, त्यांना वेगळी पदवी द्यावी असे कोणाला सुचले नाही.

अशा बायकांत पहिले नाव ताराबाई मोडकांचे. १८९२ चा जन्म, १९१४ साली मुंबई विद्यापीठाची पदवी, अमरावतीच्या वकिलाशी विवाह आणि मग विभक्त जीवन. लहान मुलीची जबाबदारी एकटीवर. राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयातले काम सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाईंकडे आल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत, आणि १९३३ पासून मराठीतही निघू लागली. मराठीतले आधुनिक बालशिक्षण असे गुजराती अंगणातून आले आहे. प्रांतांच्या सीमा आखल्या गेल्यावर हा ऋणानुबंध दोन्हीकडे थोडा विस्मरणात गेला.

१९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढले. ते नावाजले, पण तिथे येणारी मुले बहुतेक सुस्थित घरांतली होती, आणि ही गोष्ट ताराबाईंना खुपत राहिली. १९४५ च्या डिसेंबरात, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बरोबर होत्या अनुताई वाघ. अनुताई १९१० च्या, मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. शिक्षिका होऊन त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिकवत होत्या. बोरिवलीच्या एका शिबिरात ताराबाईंची भेट झाली, आणि पुण्यातली स्थिर नोकरी सोडून त्या समुद्रकाठी निघाल्या. पुढचे सगळे आयुष्य त्यांनी याच तालुक्यात घालवले.

हे साल नीट ध्यानात घेतले पाहिजे. त्याच १९४५ मध्ये डहाणू आणि उंबरगावच्या जंगलपट्टीत गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा पेटला होता. जमीनदार आणि जंगलाचे ठेकेदार यांची वेठबिगार, आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायकोने आयुष्यभर राबायचे अशी लग्नगड्याची चाल, यांविरुद्ध तो लढा होता. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार होऊन पाच आदिवासी मारले गेले. त्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी बोर्डीला बालवाडी सुरू झाली. एका ठिकाणी बंड आणि दुसऱ्या ठिकाणी बालगीते, असा हा विरोध दिसतो. आणि बालवाडीच्या इतिहासकारांनी तो बहुधा टाळलेलाच आहे. माझ्या मते मात्र दोन्ही गोष्टी एकाच वास्तवाला भिडत होत्या. ज्या आईबापांचा दिवस सावकाराच्या मालकीचा, त्यांच्या मुलाचे घर म्हणजे दिवसभर रिकामी झोपडी. त्या मुलाला ‘घरी’ शिकवायचे म्हणजे कोणी?

बोर्डीत पहिला अनुभव आला तो हाच. बालवाडी उघडली; मुले येईनात. आली तर टिकेनात. आठ वर्षांची मुलगी कडेवर भावंड घेऊन येई, आणि भावंड रडले की परत जाई. तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ताराबाईंनी ठरवले. हरिजनवाड्यात जाऊन एका अंगणात काम सुरू झाले. आधी मुलांना आंघोळ, मग नखे काढणे, केस विंचरणे, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. माँटेसरीचे ठोकळे आणि मणी परवडण्यासारखे नव्हते. त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या आणि माती आली. लहानमोठे, जडहलके, खरखरीत-गुळगुळीत हे भेद शिंपल्यांवरून जितके कळतात, तितके रंगवलेल्या लाकडावरून कळतीलच असे नाही. जमिनीवर खडूने रेघ ओढून तिच्यावरून तोल सांभाळत चालायचे, हा माँटेसरीचा प्रसिद्ध खेळ. शेताच्या बांधावरून रोज चालणाऱ्या मुलाला त्यात नवे ते काय? शहरात ज्याला साधन लागते, ते इथे पायाखाली होते.

या अंगणातून एक गोष्ट आपोआप घडली. आया, आज्या, शेजारणी बाजूला उभ्या राहून पाहू लागल्या. मुलाला धुतल्याने ताप येत नाही, आणि मूल मातीत खेळते ते वाया जात नाही, हे त्यांना कोणी व्याख्यान देऊन सांगितले नाही. इमारतीतल्या शाळेच्या दारात जी आई संकोचाने थांबते, ती स्वतःच्या अंगणात यजमान असते.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. इथे वस्ती प्रामुख्याने वारल्यांची, पाडे विखुरलेले, आणि थोडी मोठी मुले दिवसभर गुरांमागे. मग शाळाही गुरांमागे गेली. तिचे नाव ‘कुरणशाळा’. शिक्षक मुलांबरोबर कुरणात जात. गुरे चरत असताना झाडाखाली अक्षरे, मोजणी, गोष्टी होत. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणणारी ‘विकासवाडी’ही इथलीच; कडेवरचे भावंड पाळणाघरात गेले की थोरली बहीण शिकायला मोकळी होते, हा त्यातला व्यवहारी हिशोब. शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत या कल्पनेला मोठमोठी नावे मिळतील. तिचा उगम मात्र त्या थकलेल्या आठ वर्षांच्या मुलीत आहे.

या प्रयोगाचे गुणगान पुष्कळ झाले आहे, म्हणून एक शंका नोंदवतो. कुरणात शिकवली जात होती ती पुस्तकी मराठी. मुलांच्या तोंडी होती वारली बोली. आणि वारली घर शिक्षणाने रिकामे नव्हते. तारप्याच्या नाचात मूल फेर धरायला आणि ताल ओळखायला शिकत होते. लग्नात सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत, ते मुले पाहत होती. याच तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना पुढे २०११ साली पद्मश्री मिळाली, ती या भिंतीच्या विद्येसाठी. बाहेरून आलेली शाळा स्थानिक शंखशिंपले चटकन उचलते. स्थानिक ज्ञान उचलायला तिला वेळ लागतो. अनुताईंना मुलांच्या बोलीचे भान होते, आणि १९८२ साली त्यांनी ‘ग्राममंगल’ सुरू केल्यावर त्या संस्थेत या दिशेने बरेच काम झाले. पण तोवर तीसहून अधिक वर्षे उलटली होती.

ताराबाई १९७३ साली गेल्या. त्यांना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले होते. अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या शब्दाचे देशव्यापी योजनेत काय झाले, ते अनुताईंना सतरा वर्षे पाहता आले. लसीकरण आणि पूरक आहार यांनी लाखो मुलांना आधार दिला, हे निर्विवाद. पण खिचडीचा हिशोब, वजनाचा तक्ता आणि नोंदवह्या यांच्या ओझ्याखाली गाणे, नाच, पाने आणि माती मागे सरकली. अंगणाची खोली झाली. त्या खोलीत दिवसभर काम करणाऱ्या बाईला सरकारने कर्मचारी मानले नाही. ती ‘मानसेवी’, आणि तिला मिळते ते ‘मानधन’. आईच्या कामासारखे काम म्हणून आईइतकाच मोबदला, असा काहीसा हा न्याय.

आज पुण्या-मुंबईत काही सुशिक्षित आईबाप मुलांना शाळेत न घालता शेतावर, टेकडीवर, शेजाऱ्यांच्या संगतीत वाढवतात. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. सहा वर्षांखालील मुलांसाठी सरकारने व्यवस्था ‘करावी’ असे नव्हे, तर ‘करता येईल’ अशी त्याच्या अकराव्या कलमाची भाषा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन वर्षांपासूनचे वय शिक्षणाच्या चौकटीत घेतले, आणि खेळ व कृती यांतून शिकण्याचा पुरस्कार केला. हौशी पालकांना हे सारे नवे वाटते. त्यांच्या मुलांना अंगणही आहे आणि अंगणात थांबणारे माणूसही आहे. प्रश्न त्यांचा नव्हताच.

ज्यांचा होता, त्यांच्याविषयी एक निकाल २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या कायद्याप्रमाणे उपदान मिळाले पाहिजे, असे त्यात ठरले. आणि त्यासाठी जी कारणे दिली गेली त्यांत एक हेही होते, की या केंद्रांत शिक्षणहक्क कायद्याच्या अकराव्या कलमानुसार शाळापूर्व शिक्षण दिले जाते. दाद मागायला गेलेल्या बायका गुजरातमधल्या दाहोद जिल्ह्याच्या होत्या.