१८९८ चे खग्रास सूर्यग्रहण : विजयदुर्ग, जेऊर आणि तळणी

विजयदुर्गाच्या किल्ल्यावरील ज्या चौथऱ्यांना तेथील लोक ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात, त्यांच्याशी हेलियमच्या शोधाची कथा निगडित झालेली आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर ह्यांनी ह्याच किल्ल्यावरून हेलियम शोधून काढला, असे आजही सांगितले जाते. प्रमाणांच्या कसोटीस ही समजूत उतरत नाही. त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. फ्रान्सचे यान्सेन हे गुंटूर येथे, पॉगसन मच्छलीपट्टण येथे व लेफ्टनंट जॉन हर्शेल हे जमखंडीस वेध घेत होते. ग्रहण नसतानाही सूर्यबिंबाच्या कडेवरील तेजःशृंगांचा वर्णपट पाहता येतो, हे लॉकियर ह्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमध्येच सिद्ध केले. आणि त्या वर्णपटातील पिवळी रेषा ज्ञात मूलद्रव्यांपैकी कोणाचीच नव्हे, हा निष्कर्ष त्यानंतरचा आहे.

लॉकियर विजयदुर्गास आले होते, हे मात्र खरे. ते आले तीस वर्षांनंतर, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ‘मेलपोमिनी’ ह्या युद्धनौकेवरील खलाशांना उपकरणे हाताळण्याचे शिक्षण देऊन त्यांनी तेथे मोठी छावणी उभारली होती. दोन ग्रहणांची सरमिसळ होऊन एक आख्यायिका तयार झाली, आणि तिच्या तेजापुढे १८९८ च्या ग्रहणाचे खरे महत्त्व झाकोळले गेले, असेच म्हणावे लागते. सूर्याच्या बाह्य वातावरणासंबंधीच्या ज्ञानात त्या दिवसाने घातलेली भर आख्यायिकेहून कमी मोलाची नाही.

खग्रास छायेचा पट्टा कोकणकिनाऱ्यावरून ईशान्येकडे सरकत सोलापूर जिल्ह्याचा उत्तर भाग, वऱ्हाड व वर्धा प्रांत ओलांडून मध्य हिंदुस्थानात गेला. पट्ट्याजवळ लोहमार्ग असल्याने अवजड उपकरणे नेणे सुकर झाले. पुलगाव येथे न्यूअल, वऱ्हाडातील तळणी येथे मॉण्डर दांपत्य आणि शहडोल येथे राजज्योतिषी क्रिस्टी अशा छावण्या पडल्या. मुंबई व पुणे प्लेगने ग्रासलेले असताना हे सर्व घडत होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

करमाळे तालुक्यातील जेऊर हे पुणे–सोलापूर लोहमार्गावरील लहानसे स्थानक. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल ह्यांनी आपल्या पत्नीसह तेथे तळ दिला. त्यांच्याजवळ चाळीस फूट केंद्रांतराचा कॅमेरा होता. शेबर्ली ह्यांनी १८९३ साली चिलीमध्ये प्रथम वापरलेल्या ह्या उपकरणाने किरीटाचे, म्हणजे खग्रास स्थितीत काळ्या चंद्रबिंबाभोवती दिसणाऱ्या शुभ्र प्रभेचे, मोठ्या आकाराचे छायाचित्र मिळे.

त्याच गावी पुण्याहून प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आले होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी ह्यांच्या देणगीतून व सरकारी साहाय्यातून पुण्याच्या सायन्स कॉलेजात उभारलेल्या वेधशाळेचे ते संचालक. तेथील वीस इंच व्यासाची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती. खग्रास स्थिती जेऊर येथे अवघी दोन मिनिटे टिकली. आकाश निरभ्र होते, आणि तेवढ्या अवधीत नायगमवाला ह्यांनी वर्णगोलाच्या व किरीटाच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. त्यांचा तपशीलवार अहवाल १९०२ साली प्रसिद्ध झाला. एतद्देशीय शास्त्रज्ञाने स्वतःच्या संस्थेच्या बळावर पार पाडलेली ही मोहीम विजयदुर्गाच्या कथेइतकी लोकांपर्यंत पोचू नये, ही खेदाची गोष्ट होय.

ह्या ग्रहणाच्या वर्णपटांतून निघालेला एक निष्कर्ष दिसावयास अगदी किरकोळ होता. किरीटाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा आढळते. १८६९ साली ती अमेरिकेत प्रथम पाहण्यात आली, आणि वर्णगोलातील लोहाच्या ५३१७ अँगस्ट्रॉमच्या रेषेशी तिचे तादात्म्य मानले गेले. १८९८ च्या छायाचित्रांवरून तिचे खरे स्थान ५३०३ च्या आसपास असल्याचे लॉकियर व कॅम्पबेल ह्या दोघांनाही आढळले. चौदा अँगस्ट्रॉमचा हा फरक क्षुल्लक नव्हे. जुने तादात्म्य त्याने कोसळले, आणि रेषा अनाथ झाली. ‘कोरोनियम’ नावाच्या अज्ञात मूलद्रव्याची ती रेषा असावी, ह्या कल्पनेवर पुढील चार दशके भागविण्यात आली. अखेर ग्रोट्रियान ह्यांच्या सूचनेचा धागा धरून स्वीडनच्या एडलेन ह्यांनी १९४० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत दाखवून दिले की, ती रेषा लोहाचीच आहे, पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची. अणूची अशी दशा होण्यास दहा लाख अंशांहून अधिक तापमान लागते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे सहा हजार अंशांचा, आणि त्यावरील विरळ वातावरण त्याच्या शेकडो पट तप्त! किरीट हा सामान्य वायू नसून आयनद्रायू आहे, हे त्यामुळे निश्चित झाले. इतका तप्त आयनद्रायू सूर्याभोवती स्थिर राहू शकत नाही, तो सतत बाहेर वाहिलाच पाहिजे, असे पार्कर ह्यांनी १९५८ साली गणिताने सिद्ध केले.

तळणीच्या छावणीतील काम वेगळ्या वाटेने ह्याच निष्कर्षाकडे जाते. ॲनी मॉण्डर ह्यांनी तेथे टिपलेल्या छायाचित्रात किरीटाचा एक किरण तोवर कधी नोंदला गेला नव्हता इतक्या दूरवर गेलेला दिसला. पुढे १९०४ साली त्यांचे पती वॉल्टर मॉण्डर ह्यांनी असे दाखविले की, पृथ्वीवरील चुंबकीय वादळे सुमारे सत्तावीस दिवसांनी, म्हणजे सूर्याच्या परिभ्रमणाच्या गतीने, पुन्हा पुन्हा येतात. सूर्यावरील मर्यादित क्षेत्रांतून अरुंद प्रवाह निघत असले पाहिजेत. अवघ्या बारा वर्षांपूर्वी लॉर्ड केल्विन ह्यांनी सूर्य व चुंबकीय वादळे ह्यांचा असा संबंध अशक्य ठरविला होता. मोठ्या माणसांच्या अशा निवाड्यांनी विज्ञानाचा किती काळ खर्ची घातला, ह्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

वस्तुतः त्या संबंधाचा पुरावा मुंबईतच पडून होता. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन व हॉजसन ह्यांनी सौरज्वाला प्रथमच पाहिली. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकसूची विलक्षण विचलित झाली. छायाचित्रण पद्धतीची नोंद तेथे सुरू होण्यास अद्याप बराच अवकाश होता. मोजण्या डोळ्यांनी घेतल्या जात, एरवी तासातासाने, परंतु वादळात थोड्या थोड्या मिनिटांनी. क्षितिजसमांतर चुंबकीय तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी उतरल्याचे त्या वह्यांत नमूद आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील लखिना व ॲलेक्स, तसेच त्सुरुतानी आणि गोन्झालेझ ह्यांनी २००३ साली ह्या आकड्यांचा नव्याने अभ्यास केला. ही संपूर्ण घट पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहामुळे झाली, की काही भाग ध्रुवप्रकाशाशी निगडित प्रवाहांचा होता, ह्यावर अद्याप मतभेद आहेत. तुलनेसाठी १३ मार्च १९८९ चे वादळ घेता येईल. क्युबेकचा वीजपुरवठा त्याने नऊ तास बंद पाडला, तरी जागतिक निर्देशांकानुसार त्यातील घट ५८९ नॅनोटेस्लांचीच होती.

आता सूर्याच्या पृष्ठावरील चुंबकीय क्षेत्राच्या मोजमापांवरून संगणकाद्वारे किरीटाचे सदृशीकरण, म्हणजे गणिती प्रतिरूप, तयार करतात. २१ ऑगस्ट २०१७ च्या ग्रहणापूर्वी अमेरिकेतील व कोलकात्यातील संशोधकांनी किरीटाचा आकार आगाऊ वर्तवून तो प्रत्यक्ष छायाचित्रांशी ताडून पाहिला. मोठे प्रवाह पुष्कळसे जुळतात. सूक्ष्म रचना मात्र निसटते, आणि किरीट इतका तप्त कशाने होतो, हा एडलेन ह्यांनी उभा केलेला प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही.

नायगमवाला ह्यांची वेधशाळा १९१२ साली ते निवृत्त होताच बंद करण्यात आली, व तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. कोडाईकनालची परंपरा चालविणाऱ्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने ‘आदित्य-एल १’ ह्या यानासाठी किरीटदर्शक बनविला. पुण्याच्या आयुकाने त्याच यानासाठी जंबुपार किरणांत सूर्यबिंब टिपणारी दुर्बीण घडविली. २ सप्टेंबर २०२३ रोजी हे यान श्रीहरिकोट्याहून सुटले. कृत्रिम चकतीने सूर्यबिंब झाकून किरीटाचे वर्णपट घेणाऱ्या त्या किरीटदर्शकाने निवडलेल्या रेषांत ५३०३ अँगस्ट्रॉमची हिरवी रेषा आहे.