आधी कोण देणार?

‘तुझा पीएचडीचा विषय काय?’ असं नातेवाइकांत कोणी विचारलं की मी पूर्वी ‘डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स’ म्हणायचे आणि समोरचा विषय बदलायचा. आता मी सरळ तलवारीची गोष्ट सांगते.

२०१८ सालची गोष्ट. मी एमएस्सीला होते, धाकटा भाऊ अकरावीत. एका ऑनलाइन गेममध्ये त्याच्याकडे एक दुर्मीळ तलवार होती. त्याला ती विकून क्लासच्या फीत थोडी भर घालायची होती. बँक खातं माझं, कॉम्प्युटर सायन्सचं शिक्षण माझं, म्हणून सौदा करायची जबाबदारीही माझ्यावर आली. गिऱ्हाईक मिळालं, भाव ठरला साडेसहा हजार. त्याने यूपीआयने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट धाडला, ‘बँकेचा सर्व्हर स्लो आहे, येतील दोन मिनिटांत’ म्हणाला. मी गेममध्ये ‘मान्य’वर क्लिक केलं. तलवार गेली. पैसे आलेच नाहीत. गेमच्या कंपनीकडे तक्रार केली तर दोन ओळींचं उत्तर आलं: सौदा तुम्ही स्वतः मंजूर केला आहे, वस्तू परत देता येणार नाही. भाऊ काही बोलला नाही, ‘जाऊ दे ताई’ एवढंच म्हणाला, आणि ते जास्त लागलं.

गंमत म्हणजे ज्या प्रश्नात मी त्या दिवशी अडकले, त्याच्यावरच आज मी काम करते. त्याला नाव आहे न्याय्य विनिमय. तुमच्याकडे एक वस्तू, माझ्याकडे दुसरी. एकतर दोघांनाही हवं ते मिळावं, नाहीतर कोणालाच काही मिळू नये. मधली अवस्था नको. आठवडी बाजारात हे सहज होतं, कारण भाजीची जुडी आणि नोट एकाच क्षणी हात बदलतात आणि पळून गेलात तर आरडाओरडा करायला माणसं असतात. तारेवरून निरोप पाठवणाऱ्या दोन अनोळखी लोकांना मात्र हे जमतच नाही. ‘अजून जमलेलं नाही’ असं नव्हे, जमणं शक्यच नाही. इव्हेन आणि याकोबी यांनी १९८० मध्ये ते दाखवलं आणि पुढे पाग्निया आणि गार्टनर यांनी १९९९ मध्ये त्याची नेटकी सिद्धता मांडली. कल्पना साधी आहे. निरोपांची कितीही लांब साखळी आखा; कुठल्यातरी एका निरोपानंतर दोघांपैकी एकाच्या हातात पहिल्यांदा हवं ते सगळं पडतं आणि दुसऱ्याचं अजून बाकी असतं. त्याने नेमकं तिथे मशीन बंद केलं तर? म्हणून दोघांचा विश्वास असलेला तिसरा कोणीतरी लागतोच.

गेममध्ये हा तिसरा म्हणजे सर्व्हर. मग प्रश्न सुटला म्हणायचा का? हे पाहायला गेले आणि मला चाळीस वर्षांचा एक इतिहासच सापडला, आणि तो माझ्या थिसिसपेक्षा वाचनीय आहे.

सुरुवात लुकासफिल्म गेम्सच्या ‘हॅबिटॅट’पासून करते. १९८६, कॉमोडोर ६४ कॉम्प्युटर, टेलिफोनच्या तारेवरून चालणारं चित्रमय गाव. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी ते बांधलं. प्रत्येक रहिवाशाला सुरुवातीला २,००० टोकन आणि रोज १०० टोकन खर्चाला मिळत. एके सकाळी हिशेब पाहिला तर गावातला एकूण पैसा रातोरात पाचपट झालेला! घोळ असा होता: एका मशीनवर बाहुली ७५ टोकनला विकत मिळत होती, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला एक गहाणवटीचं मशीन तीच बाहुली १०० ला विकत घेत होतं. कोणीतरी भाव चुकवले होते. काही जण रात्रभर बाहुल्यांच्या खेपा करत राहिले. मग भांडवल जमल्यावर १८,००० चा स्फटिकगोळा घेऊन ३०,००० ला विकू लागले. चोरी म्हणावी तर कोणी नियम मोडला नव्हता. त्यांना विचारलं तेव्हा आम्ही प्रामाणिकपणे कमावलंय, कसं ते सांगणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. बरीच मनधरणी केल्यावर त्यांनी सांगितलं. पैसे काढून घेतले गेले नाहीत, आणि त्या नवश्रीमंतांनी त्यातून गावासाठी खजिन्याच्या शोधाचे खेळ भरवले. मला हा प्रसंग फार आवडतो. पुढच्या काळात इतक्या सामोपचाराने क्वचितच काही मिटलं.

दहाएक वर्षांनी हजारो लोक एकाच जगात वावरू लागले. ‘अल्टिमा ऑनलाइन’ १९९७ चं, ‘एव्हरक्वेस्ट’ १९९९ चं. एव्हरक्वेस्टमध्ये बाजार असा कंपनीने बांधलाच नव्हता. खेळाडूंनीच ईस्ट कॉमनलँड्स भागातला एक बोगदा निवडला आणि तिथे उभं राहून ओरडून ओरडून माल विकू लागले. २००१ च्या डिसेंबरात कंपनीने ‘बझार’ दिला, तेव्हा कुठे घसा मोकळा झाला. पण तिथेही दुकान उघडं ठेवायचं तर आपलं पात्र दिवसरात्र तिथेच उभं करून ठेवावं लागे.

अशा जगात सौद्याची सगळ्यात भाबडी पद्धत म्हणजे दोघांनी वस्तू जमिनीवर टाकायच्या आणि एकमेकांच्या उचलायच्या. त्यात काय होत असेल ते सांगायला नको. त्यावरचा उपाय म्हणजे सौद्याची खिडकी: डावीकडे माझा माल, उजवीकडे तुझा, दोघांनी ‘मान्य’ म्हटलं की सर्व्हर एका झटक्यात अदलाबदल करणार. मग लबाडांनी खिडकीच्या आतली युक्ती शोधली. सगळं ठरल्यावर शेवटच्या क्षणी भारी वस्तू काढून तिच्यासारखीच दिसणारी हलकी वस्तू ठेवायची. समोरचा घाईत ‘मान्य’ दाबून मोकळा. म्हणून काहीही बदललं की दोघांचीही संमती आपोआप रद्द होऊ लागली. ‘रुनस्केप’ने तर दुसरा पडदाच आणला, त्यावर काय देताय, काय घेताय याची अक्षरी यादी असे, आणि वस्तू जिथून काढली त्या जागी लाल उद्गारचिन्ह लुकलुकू लागलं. तरीही त्याच गेममध्ये ‘तुझ्या चिलखताला सोनेरी कड लावून देतो, फुकट, जरा इकडे दे’ म्हणणारे भामटे वर्षानुवर्षं पोट भरत राहिले. ती फसवणूक खिडकीतून रीतसर, दोन्ही पडद्यांवर मंजुरी घेऊन होत असे.

इथे जरा जिम ग्रे यांच्याबद्दल सांगायलाच हवं. डेटाबेसमधल्या व्यवहाराची, म्हणजे ट्रान्झॅक्शनची, कल्पना घडवणाऱ्यांपैकी हे एक मोठं नाव, १९९८ चे ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी. १९८१ च्या निबंधात ते ही कल्पना करारांच्या कायद्यातून आली असं सांगतात आणि उदाहरण देतात ख्रिस्ती लग्नाचं: पाद्री दोघांना वेगवेगळं विचारतो, दोघांचा होकार आला तरच लग्न लागल्याचं जाहीर करतो. (आपल्याकडे अंतरपाट दूर होईपर्यंत थांबायचं, हेही मला त्याच जातीचं वाटतं, पण सरांनी हे वाक्य थिसिसमधून काढायला लावलं.) म्हणजे सौद्याच्या खिडकीतला सर्व्हर हा तो पाद्री. पण पाद्रीच मध्येच बेशुद्ध पडला तर?

हेच झालं. त्या काळच्या गेमांत प्रत्येक पात्राची नोंद वेगवेगळ्या वेळी डिस्कवर उतरत असे. मी तुला अंगठी दिली, तुझी नोंद लिहिली गेली, माझी व्हायची आहे, तेवढ्यात सर्व्हर पाडला. पुन्हा सुरू झाल्यावर तुझ्याकडेही अंगठी, माझ्याकडेही अंगठी. याला खेळाडूंच्या भाषेत ड्यूप म्हणतात. डेटाबेसवाल्यांना उपाय ठाऊक होता: दोन्ही नोंदी एकत्रच लिहा, नाहीतर एकही लिहू नका. पण वेग राखायच्या नादात गेमवाल्यांनी तो अनेकदा बाजूला ठेवला, आणि चोरट्यांनी मुद्दाम सर्व्हर पाडायची कला विकसित केली.

‘डायब्लो २’ (सन २०००) हे याचं ठळक उदाहरण. त्यात सोनं जवळ बाळगायला मर्यादा होती आणि मेल्यावर ते घटायचं, म्हणून लोकांनी ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ नावाची अंगठी चलन म्हणून धरली. छोटी, सर्वांना हवी, एकच घर अडवणारी. मग तिचेच ढिगाने ड्यूप निघाले. २००३ च्या एका पॅचमध्ये ब्लिझार्डने जो उपाय केला तो माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वात हुशार: या अंगठ्या गेममधल्या व्यापाऱ्याला पुरेशा संख्येने विकल्या की एक महाराक्षस अवतरतो, आणि त्याला मारलं की फार मोलाची वस्तू मिळते. लोक आपण होऊन नकली-असली अंगठ्या भट्टीत घालू लागले. जप्ती नाही, शिक्षा नाही.

रुनस्केपच्या कंपनीने, केंब्रिजच्या जाजेक्सने, याच्या अगदी उलट टोक गाठलं. खऱ्या पैशांत गेममधलं सोनं विकणारे, त्यासाठी चोरीची क्रेडिट कार्डं वापरणारे, यांनी त्यांना जेरीस आणलं होतं. नोव्हेंबर २००७ मध्ये त्यांनी ‘ग्रँड एक्स्चेंज’ हा मध्यवर्ती बाजार उघडला, आणि त्यानंतर लवकरच मुक्त देवघेवच बंद केली. सौद्याच्या दोन्ही बाजूंच्या किमतीत सुरुवातीला ३,००० नाण्यांपेक्षा जास्त फरक चालणार नाही! मित्राला भेट द्यायची सोय राहिली नाही. गेममध्ये अक्षरशः मोर्चे निघाले. तीन वर्षांनी कंपनीने सार्वमत घेतलं, बारा लाखांच्या आसपास मतं पडली, ९१ टक्के लोकांनी बंदी उठवा म्हटलं, आणि १ फेब्रुवारी २०११ ला मुक्त व्यापार परत आला. फसवणूक परत येणार हे मत देणाऱ्यांना माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.

‘डायब्लो ३’चं थोडक्यात सांगते. २०१२ मध्ये ब्लिझार्डने खुद्द गेममध्येच खऱ्या पैशांचं लिलावघर उघडलं, म्हणजे पैशाची बाजूही खिडकीच्या आत आणली. तत्त्वतः हे बरोबरच. पण मे २०१३ मध्ये सोन्याच्या विक्रीची मर्यादा वाढवली आणि जुनी चूक उघडी पडली: ३२ बिटांच्या खणात २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. त्यापेक्षा जास्त सोनं विकायला ठेवून विक्री रद्द केली की गेलं त्याहून जास्त परत यायचं. हॅबिटॅटची बाहुलीच, फक्त आकडे मोठे. १८ मार्च २०१४ ला लिलावघर कायमचं बंद झालं, मुख्यतः लोक राक्षस मारायचं सोडून बाजारच पाहत बसले म्हणून.

आता माझ्या तक्रारीच्या उत्तराकडे येते. चोरीची वस्तू परत का देत नाहीत? व्हॉल्व्हने २०१५ मध्ये स्टीमबद्दल हे उघडपणे सांगितलं. दर महिन्याला सुमारे ७७,००० खाती लुटली जात होती. चोरीची वस्तू तोवर चार हात फिरून एखाद्या निरपराध माणसाकडे गेलेली असते, तिच्याकडून ती हिसकावणं अन्यायाचं. म्हणून ते मूळ मालकाला नवी प्रत देत. म्हणजे कंपनी स्वतःच ड्यूप करत होती, आणि बाकी सगळ्यांच्या वस्तूंची दुर्मीळता त्यातून कमी होत होती. पुढे त्यांनी फोनवरच्या पडताळणीशिवाय केलेले सौदे काही दिवस रोखून ठेवायला सुरुवात केली. आपल्याकडच्या इसार पद्धतीसारखंच, फक्त इसार इथे वेळेचा. हे वाचल्यावर मला त्या दोन ओळींच्या उत्तराचा राग निम्म्याने कमी झाला. निम्मा आहे अजून.

कारण खरी अडचण वेगळीच होती. खिडकीच्या आत माझी तलवार होती आणि समोरच्या बाजूला काहीच नव्हतं. पैसे बाहेर, यूपीआयवर. सर्व्हरच्या दृष्टीने मी एक भेटवस्तू दिली. पाद्रीने एकालाच विचारलं, आणि लग्न लागलं.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आसोकन आणि सहकाऱ्यांनी एक सुंदर मार्ग सुचवला: तिसऱ्याला प्रत्येक सौद्यात बसवू नका, तो झोपलेला असू दे, भांडण झालं तरच उठवा. माझं काम याच धाग्यावर आहे. म्हणून जुलै २०२५ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’च्या वस्तूंसाठी स्टीमने सात दिवसांत सौदे उलटवायची सोय आणली तेव्हा मी लॅबमध्ये जरा जास्तच उत्साहाने बोलले. अटी आहेत: उलटवलं की त्या सात दिवसांतले सगळेच सौदे उलटतात, आणि पुढचे तीस दिवस खात्यावर निर्बंध. खातं चोरीला गेलेल्यांसाठी उत्तम. पण पैसे बाहेरून घेणाऱ्यांचं काय? आता फसवणारा विकणारा असू शकतो: पैसे घ्यायचे, मग वस्तू परत ओढायची. त्यामुळे बाहेरच्या बाजारांना विक्रेत्याचे पैसे आठवडाभर रोखून धरणं भाग पडलं. ‘आधी कोण देणार’ हा प्रश्न फक्त सात दिवस पुढे सरकला आहे, आणि ते सात दिवस कोणाच्या विश्वासावर काढायचे यावर माझं तिसरं प्रकरण अडलंय.

भाऊ आता नोकरी करतो. परवा त्याने एक स्किन विकली आणि मला लगेच पेमेंटचा स्क्रीनशॉट पाठवला. मी लिहिलं, स्क्रीनशॉट नको, बँकेचा मेसेज आला की सांग. अजून चार दिवस आहेत.