पार्किंगचा दंड हप्त्याने का भरता येत नाही?

नंदुरबारच्या बाजारात एमएच-३९ ची मोटारसायकल चुकीच्या जागी लावली आणि चलान आलं, तर पहिल्या वेळी ५०० रुपये. तीच चूक परत केलीत तर १५००. महाराष्ट्रात हे दर डिसेंबर २०२१ पासून आहेत. विज्ञान शाखेत शिकलेल्यांना एक खोड असते, आकडा दिसला की एकक विचारायचं. ५०० रुपये ठीक आहे, पण किती दिवसांत? एकदम की थोडे थोडे? संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा साधा प्रश्न धरून मागे जाऊन बघावं. वाट पार्किंगवरून सुरू होते आणि थेट शेतसाऱ्यात जाऊन पोचते.

'हप्ता' हा शब्द फारसीतला. हफ्त म्हणजे सात, म्हणून हप्ता म्हणजे आठवडा. पुढे ठरल्या मुदतीने द्यायच्या रकमेलाही हप्ता म्हणू लागले. (खंडणीलाही आपण हप्ताच म्हणतो, ते सोडून देऊ.) जुन्या महसुली मराठीत 'हप्तेबंदी' होती. पैसे किती, याच्याइतकंच ते कधी द्यायचे हे त्यात ठरायचं.

खानदेशात हे 'कधी' फार महागात पडलं. १८१८ मध्ये इंग्रज आले तेव्हा नंदुरबार खानदेशातच होतं. पुढे १९०६ मध्ये पश्चिम खानदेश वेगळा झाला आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा. रयतवारीत सारा रोख भरायचा. हप्ते होते, पण तारखा सरकारच्या. पीक विकलं जाण्याआधी तारीख आली की शेतकरी सावकाराच्या दारात. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो पुणे, नगर भागात पसरला. त्यानंतर १८७९ मध्ये दोन कायदे आले. ते शेजारी शेजारी ठेवून वाचा, कारण गंमत त्यातच आहे.

एक, दख्खन शेतकरी मदत कायदा. यात कोर्टाला अधिकार मिळाला की सावकाराच्या हुकूमनाम्याची रक्कम शेतकऱ्याला केव्हाही हप्त्यांनी फेडायला सांगता येईल. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करणंही बंद झालं. सुरुवातीला हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चारच जिल्ह्यांना होता, खानदेश बाहेर. दुसरा, मुंबई जमीन महसूल कायदा. सरकारची थकबाकी असेल तर नोटीस, जप्ती, लिलाव आणि वेळ पडली तर अटक. सावकाराला 'जरा दमानं घे' म्हणणारं सरकार स्वतःच्या येण्याबाबत तितकं सबुरीचं नव्हतं. दुष्काळात सूट आणि तहकुबी मिळायची, पण ती मेहेरबानी म्हणून. शेतकऱ्याला कोर्टात जाऊन हप्ते मागता येतील अशी ती गोष्ट नव्हती.

आता दंडाकडे या. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं गणित सरळ होतं: दंड भरा, नाहीतर तुरुंगात जा. पण फौजदारी प्रक्रियेत एक खिडकी उघडली गेली. १८९८ च्या संहितेत ती कलम ३८८ मध्ये दिसते, १९७३ च्या संहितेत कलम ४२४ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४६४ मध्ये. फक्त दंडाची शिक्षा झाली आणि तो न भरल्यास कैद असेल, तर कोर्ट तीस दिवसांची मुदत देऊ शकतं किंवा दोन-तीन हप्ते पाडून देऊ शकतं. दोन हप्त्यांमध्ये तीस दिवसांपेक्षा जास्त अंतर नाही. न भरलेला दंड वसूल करायला कोर्ट जिल्हाधिकाऱ्यांकडे वॉरंटही पाठवू शकतं, 'जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करा'. बघा, आलो ना परत शेतसाऱ्यावर!

मग पार्किंगवाल्याला ही खिडकी का मिळत नाही? कारण ई-चलान ही शिक्षाच नसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम २०० गुन्ह्याची तडजोड करू देतं. ठरलेली रक्कम भरा, कोर्टात जायची गरज नाही. आपण तिला दंड म्हणतो, कायद्याच्या भाषेत ते तडजोड शुल्क आहे. हप्ते पाडून द्यायचा अधिकार कोर्टाचा, आणि इथे कोर्टच नाही. म्हणजे हप्ते हवे असतील तर आधी तडजोड नाकारायची, खटला होऊ द्यायचा, दोषी ठरायचं आणि मग कलम ४६४ मागायचं. एवढा उपद्व्याप ५०० रुपयांसाठी कोण करेल? पाच चलानं साठली असतील तर लोक एकेक करून भरतात. घरगुती हप्तेबंदीच ती, पण एका चलानाचे तुकडे पडत नाहीत.

नगरपालिका काही करू शकेल का, असं तुम्ही विचाराल. आपल्याकडे पार्किंगची जागा ठरवताना स्थानिक संस्थेचा सल्ला घेतला जातो (कलम ११७), पण चलान पोलिसांचं आणि पैसा राज्याच्या तिजोरीत. जी रक्कम आपली नाही तिचे हप्ते नगरपालिका कशी पाडणार? इंग्लंडमध्ये १९९१ च्या रोड ट्रॅफिक कायद्याने पार्किंगची चूक फौजदारी गुन्ह्यांतून काढून स्थानिक कौन्सिलकडे देण्याची वाट मोकळी केली. त्यामुळे तिथे थकबाकीदार कौन्सिलशीच बोलून हप्ते मागू शकतो. अमेरिकेत शिकागोमध्ये पार्किंगच्या थकबाकीपायी लोक दिवाळखोरीच्या कोर्टात जाऊ लागले, आणि २०१९ मध्ये त्या शहराने हप्त्यांच्या अटी सैल केल्या.

आपल्याकडे त्या जागी सवलत आली. २०२१ पासून महाराष्ट्रात थकीत ई-चलानं लोकअदालतीत ठेवली जाऊ लागली. तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये दुचाकींना थकबाकीत ७५ टक्के सूट दिली, कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० टक्के. सवलत आणि हप्ता या दोन गोष्टी एकच समजू नका. सवलत रक्कम कमी करते, पण ठरल्या दिवशी खिशात रोकड असणाऱ्यालाच ती मिळते. हप्ता वेळ बदलतो. अक्राणी, अक्कलकुवा भागातून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या माणसाच्या हाती पैसा महिन्याला येत नाही. आधी उचल, मग हंगामभर तिची फेड, आणि शेवटी हिशोब झाल्यावर उरेल ते. लोकअदालतीची तारीख पडते तेव्हा तो बारडोलीकडच्या फडात असू शकतो. आणि खरं सांगायचं तर कलम ४६४ चे तीस-तीस दिवसही पगारदाराच्या कॅलेंडरवर बेतलेले आहेत. पीक हाती येण्याआधीची साऱ्याची तारीख आणि ही तारीख, माझ्या मते एकाच जातीच्या आहेत.

या विषयावर काम करायचं असेल तर कायद्याच्या अनुक्रमणिकेत 'पार्किंग' शोधत बसू नका. वसुलीचं प्रकरण उघडा, ते बहुतेक कायद्यांत शेवटाकडे असतं आणि सहसा कुणी वाचत नाही. दंड, शास्ती, तडजोड शुल्क आणि थकबाकी हे चार शब्द चार रंगांनी अधोरेखित करा. मग तालुक्याच्या कोर्टात रीतसर अर्ज करून दंडवसुलीच्या नोंदी मागा आणि हप्ते पाडून दिलेल्या आदेशांच्या तारखा बघा. तीन वर्षांच्या नोंदी मिळाल्या तरी हंगाम आणि हप्ता यांचा मेळ बसतो का, हे तपासायला सुरुवात करता येईल.