‘डिड नॉट वेन्ट’ची गोष्ट

हेडफोन लावले असतील तर आवाज थोडा कमी करा, कारण आज मी जरा तावातावाने बोलणार आहे.

झालं असं, की मागच्या आठवड्यात माझ्या आतेबहिणीचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शाळा माझ्यासारखीच मराठी माध्यमाची. वर्गात प्रेझेंटेशन देताना ती म्हणाली, ‘आय डिड नॉट वेन्ट’. मागचा बाक हसला. सर पण हसले. मला म्हणाली, ‘दादा, मी आता वर्गात तोंडच उघडत नाही.’

मला माझं पहिलं वर्ष आठवलं. नोकरीतल्या पहिल्या टीम मीटिंगमध्ये मी हेच वाक्य बोललो होतो, आणि मग तीन महिने फक्त ‘येस’ आणि ‘ओके’वर काढले. म्हणून हा भाग तिच्यासाठी.

आधी ‘वेन्ट’कडे बघू. ‘गो’चा भूतकाळ ‘वेन्ट’ कसा? एक अक्षर तरी जुळतं का? नाही, कारण ते मुळात दोन वेगळे शब्द आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत जाण्यासाठी ‘गान’ हे क्रियापद होतं आणि त्याचा भूतकाळ होता ‘एओदे’. म्हणजे तेव्हाही गडबड होतीच! शेजारी आणखी एक क्रियापद होतं, ‘वेन्डन’. अर्थ वळणे, पुढे वाट चालणे. ‘सेन्ड’चं ‘सेन्ट’ आणि ‘बेन्ड’चं ‘बेन्ट’ होतं ना, तसं ‘वेन्ड’चं ‘वेन्ट’ झालं.

पुढे ‘एओदे’ झिजत गेला आणि पंधराव्या शतकाच्या आसपास दक्षिण इंग्लंडमध्ये त्याची जागा ‘वेन्ट’ने घेतली. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन जुन्या प्रोजेक्टचा कोड मर्ज झाला आणि तोच प्रॉडक्शनला गेला. 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टनने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना सुरू केला. त्यानंतर छापील पुस्तकांमुळे लंडनकडची इंग्रजी हळूहळू प्रमाण ठरत गेली. वर स्कॉटलंडमध्ये मात्र लोकांनी ‘गो’लाच भूतकाळाचा प्रत्यय लावून ‘गेड’ बनवला. इंग्रज पोरं लहानपणी ‘गोड’ म्हणतात, म्हणजे ‘गो’ला ‘एड’ लावून. आपली पोरं ‘मी करला’ म्हणतात, तसंच.

आणि हसू नका, आपल्याकडेही हाच प्रकार आहे! ‘जातो’चा भूतकाळ काय? ‘गेलो’. ‘जा’ आला संस्कृतातल्या ‘या’ धातूवरून आणि ‘गेला’ आला ‘गम्’ धातूच्या ‘गत’वरून. दोन धातू, एक क्रियापद. आपल्याला ते कधी खटकलं नाही, कारण ते आपण आईकडून शिकलो, पाठांतर करून नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘डिड नॉट’नंतर ‘वेन्ट’ का चालत नाही?

‘मी गेलो नाही’ हे वाक्य घ्या. भूतकाळ कुठे आहे? ‘गेलो’मध्ये. ‘नाही’ नंतर येतं. आता ऐका, पंधराव्या शतकातला इंग्रज माणूस काय म्हणायचा: ‘आय वेन्ट नॉट’. मी, गेलो, नाही. शब्दाला शब्द, अगदी आपल्यासारखं!

मग ‘डू’ मध्ये शिरला. 1400 च्या सुमारास नकारार्थी वाक्यांत तो क्वचित दिसतो, सोळाव्या शतकात वेगाने वाढतो आणि अठराव्या शतकापर्यंत नियम बनतो. शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही रचना सापडतात. ‘नो’, म्हणजे जाणणे, यासारखी क्रियापदं तर बराच काळ जुन्या रचनेला चिकटून होती. अल्वार एलेगॉर्ड या स्वीडिश अभ्यासकाने जुने ग्रंथ चाळून, मोजून हा बदल दाखवला. त्याचं पुस्तक 1953 चं आहे.

या बदलात एक काम सरकलं. भूतकाळाचा फ्लॅग मुख्य क्रियापदावरून निघून ‘डू’वर गेला आणि ‘डू’चं ‘डिड’ झालं. फ्लॅग एकदाच लागतो. ‘डिड’ने तो घेतला, मग ‘गो’ साधाच राहणार. प्रश्नातही तेच: ‘डिड यू गो’. ‘हॅव’ आला की तिसरं रूप, ‘हॅव गॉन’. ‘हॅव वेन्ट’ नाही.

पण हे तिसरं रूपसुद्धा इंग्रजांना सरळ जमलेलं नाही. 1762 मध्ये रॉबर्ट लाउथ नावाच्या पाद्रीबुवांनी इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. भूतकाळाचं रूप तिसऱ्या रूपाच्या जागी वापरल्याबद्दल त्यांनी कुणाच्या चुका काढल्या माहितीये? मिल्टनसारख्या महाकवीच्या! त्या काळी मोठमोठे लेखक तसं लिहीत होते. म्हणजे ज्या नियमावरून आपल्याला हसतात, तो पक्का व्हायलाच काही शतकं लागली.

म्हणून ताई, तू ‘डिड नॉट वेन्ट’ म्हणालीस तेव्हा तुझं डोकं बंद नव्हतं. ते मराठीचा नियम प्रामाणिकपणे चालवत होतं. ‘गेलो’मध्ये भूतकाळ असतो, म्हणून तू ‘वेन्ट’ घेतलास. फक्त ‘डिड’ने तो आधीच घेतलाय, हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. सांगणाऱ्याचं काम हसणं नव्हतं.

चूक मात्र चूकच आहे. पुढच्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यूला ‘डिड नॉट गो’च म्हणायचं. रोज आरशासमोर पाच वाक्यं बोल: डिड नॉट सी, डिड नॉट ईट, डिड नॉट कम. आठवडाभरात जिभेला वळण लागेल. आणि उद्या वर्गात हात वर कर. चुकलीस तर मला फोन कर, मी पण अजून चुकतो.

चला, भेटू पुढच्या भागात. तुमची अशी कुठली चूक मनात रुतून बसली असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. आम्ही हसणार नाही.