कौल, इस्तावा आणि करमाफी

पाटोदा हा बीड जिल्ह्यातील, बालाघाटच्या डोंगरांत वसलेला तालुका. मांजरेचा उगम याच परिसरातला. तरी पाण्याची ओढ कायमची. डेटा सेंटरना मिळणाऱ्या करसवलतींविषयी लिहिताना आम्ही आरंभ येथून करतो, कारण करसवलत ही कल्पनाच आपल्याकडे अशा मुलखांसाठी जन्मली.

जुन्या मराठी दफ्तरांत तिचे नाव 'कौल'. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बोल, वचन. देवाला कौल लावणारे आणि निवडणुकीत जनतेचा कौल मोजणारे आपण त्याचा महसुली अर्थ विसरलो आहोत. दुष्काळाने वा स्वारीने उजाड झालेल्या गावी रयत परतावी, नव्या पेठेत उदमी यावेत, म्हणून सरकार कौलनामा देई. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यास 'इस्तावा' मिळे: प्रथम नाममात्र सारा, मग दरसाल चढता, अखेर पूर्ण दर. सवलत आणि तिचा शेवट एकाच कागदावर असत. बदल्यात अपेक्षा एवढीच, की माणसांनी वस्ती करावी.

१९६४ साली महाराष्ट्र शासनाने सामूहिक प्रोत्साहन योजना आणली, तीत हा जुना कौल आम्हांस स्पष्ट ऐकू येतो. मुंबई, ठाणे, पुणे हा पट्टा सोडून कारखाने आत जावेत, हा तिचा हेतू. पुढे तालुक्यांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी झाली. जितका तालुका मागास, तितकी सवलत मोठी. मराठवाड्यात तिचे फळ दिसले ते वाळूजला, जेथे १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि भोवती लहान उद्योग उभे राहिले. पाटोद्याच्या डोंगरांपर्यंत ती लाट आली नाही.

डेटा सेंटरची गोष्ट निराळी. समुद्राखालच्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात; अखंड वीज आणि मोठे ग्राहकही तेथेच. म्हणून ही केंद्रे मुंबई-नवी मुंबईत एकवटली. राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणाने त्यांना वीजशुल्क, मुद्रांकशुल्क यांत सवलती दिल्या. केंद्राच्या २०२६ च्या अर्थसंकल्पाने भारतातील डेटा सेंटरमधून जगाला क्लाउड सेवा पुरवणाऱ्या परदेशी कंपन्यांसाठी २०४७ पर्यंत करमाफी जाहीर केली. केंद्रे येऊच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. परंतु जेथे ती सवलतीविनाही आली असती, तेथे सवलत कशाची किंमत चुकवते? इमारत उभी राहीपर्यंत मजूर लागतात. नंतर कोट्यवधींच्या यंत्रांची राखण मोजकी माणसे करतात. कौलनाम्यातील वस्तीची अट येथे गळून पडली आहे, आणि इस्ताव्याचा दरसाल चढणारा साराही.

पाटोद्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या वाटेला लागतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेला तेथे 'उचल' म्हणतात. हंगामभर ऊस तोडून ती फेडायची असते. तीत सूट नसते.