मलायाची माशी, फिजीचा माड

फिजीतल्या विती लेवू बेटावर 1877 च्या सुमारास माडांवर एका किडीचा उपद्रव नोंदवला गेला. लेव्हुआना इरिडेसेन्स हा निळसर चकाकीचा चिमुकला पतंग. त्याच्या अळ्या झावळीच्या पातीचा हिरवा गर खालच्या बाजूने खरवडून खात. उरलेला पापुद्रा वाळला की माड दुरून होरपळल्यासारखा दिसे. पतंग बरीच वर्षे या एकाच बेटापुरता होता, पण 1916 च्या आसपास तो शेजारच्या बेटांवर पोहोचला. ज्या बेटांवर खोबऱ्याशिवाय दुसरे उत्पन्नच नव्हते तिथे त्याची धास्ती होती. उंच माडांच्या शेंड्यांवर औषध मारत बसणे परवडणारे नव्हते.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वसाहतीच्या सरकारने हे काम जे. डी. टोटहिल या कीटकशास्त्रज्ञाकडे सोपवले. टी. एच. सी. टेलर आणि आर. डब्ल्यू. पेन हे त्यांचे सहकारी. पतंग बाहेरून आला असेल तर त्याचे शत्रू मूळ गावी सापडतील, असा सरळ हिशेब होता. ते मूळ गावच सापडले नाही. मग मलायात माडावरच राहणाऱ्या आर्टोना या नात्यातल्या पतंगाकडे लक्ष गेले. त्याच्या अळ्यांवर बेस्सा रेमोटा ही टॅकिनिड कुळातली माशी जगत होती.

या कुळात साडेआठ हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. काही माश्या पानांवर बारीक अंडी टाकतात आणि ती अळीच्या खाण्यातून पोटात जातात. बेस्सा मात्र अंडे थेट अळीच्या कातडीवर चिकटवते. त्यातून निघालेला माशीचा जीव कातडी भोकसून आत शिरतो आणि यजमानाला आतून खातो. एरवी असा जीव यजमानाच्या शरीरद्रवात गुदमरायचा. म्हणून या कुळातल्या बऱ्याच जाती मागचे टोक यजमानाच्या कातडीला किंवा श्वासनलिकेला जोडून हवा घेतात. महाराष्ट्रातल्या रेशीम उत्पादकांना हे कूळ उझी माशीच्या रूपाने ठाऊक आहे. तिथे मात्र ती शत्रू ठरते, कारण तिला रेशमाची अळी लागते.

खरी अडचण प्रवासाची होती. मलाया ते सुवा हा बोटीचा प्रवास काही आठवड्यांचा, तर माशीचे आयुष्य तोकडे. म्हणून माश्यांसोबत पिंजऱ्यांत कुंड्यांतली माडाची रोपे आणि त्यांवर आर्टोनाच्या अळ्या नेल्या, म्हणजे वाटेतच पुढची पिढी तयार व्हावी. ऑगस्ट 1925 मध्ये सुव्यात सुमारे तीनशे माश्या जिवंत उतरल्या. त्यांनी अनोळखी लेव्हुआनाच्या अळीवर अंडी घालायला काहीच वेळ लावला नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हजारो माश्या बेटांवर सोडल्या गेल्या आणि वर्षभरात कीड जवळपास दिसेनाशी झाली. टोटहिल, टेलर आणि पेन यांचा या मोहिमेचा इतिहास 1930 मध्ये ग्रंथरूपाने छापला गेला.

पुढे लेव्हुआना इतका विरळ झाला की तो नामशेष मानला जाऊ लागला, आणि जैविक कीडनियंत्रणाचे हे गाजलेले यश टीकाकारांच्या तोंडी इशारा बनले. 2003 मध्ये अरमंड कुरिस यांनी या निष्कर्षाला आव्हान दिले: विरळ झालेला पतंग नजरेतून सुटला असेल, शिवाय तो मुळात फिजीचा नसेल तर अन्यत्र टिकूनही असेल. टोटहिल यांना न सापडलेले ते मूळ गाव आजही सापडलेले नाही.