चिनी काचचित्रं जमवावीत का?

मंडळी, ‘चिनी काच जमवावी का?’ असं विचारलं जातं, तेव्हा आपण आधी काच कोणती ते ठरवू. आज बोलायचंय ते काचेवरच्या उलट्या चित्रांबद्दल. यात रंग काचेच्या मागच्या बाजूला देतात. डोळे, दागिने, वस्त्रांच्या कडा आधी, पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी! म्हणजे डोळा चुकला तर वरून सावरायची सोयच नाही.

१७५७ ते १८४२ या काळात युरोपीयांचा चीनशी समुद्रमार्गे व्यापार कँटन या एकाच बंदरातून चाले. विलायती काच तिथं जाई, चिनी चित्रकार ती रंगवत आणि चित्रं परदेशी जात. हिंदुस्थानी गिऱ्हाइकासाठी हिंदुस्थानी विषय आले. पुढं आपल्याकडचे कारागीरही ही कला करू लागले. त्यामुळे हात चिनी की देशी, हे ओळखणं अवघड. सही बहुधा नसतेच.

म्हणून पैसा गुंतवायला हा माल कच्चा, असं आमचं मत. रंग काचेत मुरत नाही, दमट हवेत पापुद्रे सुटतात. पण व्यापाराचा पुरावा म्हणून त्याला तोड नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात काचचित्रं आहेत, ती जरूर पाहा. दिनकर केळकरांनी घरोघरच्या वस्तू जमवून पुढं त्या सरकारला दिल्या.

आपलं श्रीगोंदं शिंद्यांच्या जहागिरीतलं. इथल्या जुन्या घरात असं चित्र निघालं, तर भंगारात घालू नका. मागची फळी उघडू नका, चौकट बदलू नका. पुसायचंच तर पुढून, कोरड्या फडक्यानं.